कातरबाई आणि दलदलीत पाठवलेल्या मेंढ्या

कातरबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं मेंढी पैदास केंद्रात सगळेच म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं आणि तेवढ्या काळात चार संचालक, दोन भांडारपाल आणि एका पाहुण्या मंत्र्याला फैलावर घेतलं. मंत्र्याचा गुन्हा एवढाच, की फोटो नीट यावा म्हणून त्याने एका गाभण मेंढीला लोकर धरून पुढे ओढलं होतं. "लोकर धरून ओढू नका," कातरबाई म्हणाल्या. "केस धरून तुम्हाला कुणी गाडीत बसवलं तर चालेल का?" मंत्र्याला टक्कल होतं. त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं.

त्यांचं नाव कातरबाई पडलं ते हातातल्या कातरीमुळे की तोंडातल्या, यावर केंद्रात दोन मतं होती. कातरीबद्दल मात्र दुमत नव्हतं. मेंढीला बुडावर बसवून पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवली, की ती मेंढी एखाद्या थकलेल्या म्हातारीसारखी गप्प बसायची. मग पोटापासून सुरुवात करून सगळी लोकर एकसंध उतरायची, जणू कुणी अंगातून कोट काढून दिला. हातांना लोकरीचं मेण लागून लागून बाईंचे तळवे मऊ राहिले होते. स्वभावात ते मेण उतरलं नाही एवढंच.

केंद्र होतं उंच, कोरड्या पठारावर. वारा एवढा, की पत्र्यावर दगड ठेवावे लागत. तिथे मेंढ्यांची सहा कुंपणबंद वाडगी होती आणि प्रत्येकात वेगळी जात. पहिल्यात बारीक लोकरीची मेंढी: मानेला घड्या, डोळ्यांपर्यंत पांढरी लोकर, जन्मतःच दुलई पांघरून आलेली. दुसऱ्यात जाड, खरखरीत लोकरीची. ती लोकर सतरंज्या आणि गालिच्यांना जायची. तिसऱ्यात काळतोंडी, रुंद पाठीची, मांसासाठी पाळायची जात. चौथ्यात जाड शेपटीची. ती मूळची वाळवंटाकडची, चारा असतो तेव्हा चरबी शेपटीत साठवते आणि नसतो तेव्हा त्यावर जगते. पाचव्यातली केसाळ, लोकर नसलेली, उन्हाला न घाबरणारी. तिला बघून प्रत्येक पाहुणा विचारायचा, "यात बकऱ्या का ठेवल्यात?" आणि प्रत्येक वेळी बाई उखडायच्या. "शेपटी बघा! बकरीची वर, मेंढीची खाली. एवढं शेपटीकडे बघितलंत तरी पुरे, बाकी ज्ञान पाजळू नका."

सहाव्या वाडग्याकडे कुणी फिरकत नसे. तिथे गुडघ्याएवढ्या, मळकट रंगाच्या मेंढ्या होत्या. नदी समुद्राला मिळते त्या सखल, पाणथळ भागातून आणलेल्या. त्यांचे खूर काळे आणि टणक. पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहून त्या लव्हाळं खात आणि एका वेताला दोन-तीन कोकरं देत. पण दिसायला अगदीच यथातथा. पाहुणे त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जात.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा नवे संचालक आले. शिकलेले, मऊ बोलणारे, उंची बूट घालणारे. त्यांनी एक योजना आखली: सखल भागातल्या बायकांना मेंढ्या द्यायच्या. बैठकीत त्यांनी कातरबाईंनाही बोलावलं.

"बोला, बाई. तुमचा अनुभव मोठा आहे."

"कोणती जात देणार, साहेब?"

"अर्थात बारीक लोकरीची. दिसायला उत्तम, नाव मोठं."

"मग त्या मरतील," बाई म्हणाल्या. "ती थंड, कोरड्या हवेतली जात. खाली दमट उकाडा. लोकर भिजेल, वाळणार नाही, कुजेल. माशा अंडी घालतील. चिखलात खूर सडतील. द्यायच्याच तर सहाव्या वाडग्यातल्या द्या, त्या तिकडच्याच आहेत."

साहेब हसले. "सहाव्या वाडग्यातल्या? अहो, त्यांचा फोटोसुद्धा चांगला येत नाही." टेबलाभोवती सगळे हसले. मग साहेब त्याच गोड आवाजात म्हणाले, "छान माहिती दिलीत. आता जरा सगळ्यांना चहा सांगाल?"

आणि एवढ्या वर्षांत कुणाला न बधलेल्या कातरबाई उठल्या, बाहेर गेल्या, आणि चहा घेऊन आल्या. ट्रे स्वतःच्या हातांनी. प्रत्येकासमोर कप ठेवला. साहेबांच्या कपात साखर आहे की नाही, हेसुद्धा विचारलं.

त्या ट्रेची आठवण त्यांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिली. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून स्वतःचा. बोलायच्या जागी बोलले आणि भांडायच्या जागी चहा दिला, असं त्या स्वतःशीच पुटपुटत.

निवृत्तीच्या आठवड्यात एक फोटोग्राफर आला. बाई कातरकाम करत असताना त्याने पाच-सहा फोटो काढले. "कशाला रे?" "आठवण म्हणून, मावशी." बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

पुढे त्या गावात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. वर्ष गेलं असेल नसेल, तोच धाकट्या बहिणीचा फोन आला. ती खाली, सखल भागात दिलेली. तिचा नवरा नदीवर होडी चालवायचा. ती फोनवर हर्षाने नुसती फुलली होती.

"ताई, मला मेंढ्या मिळाल्यात, दोन महिने झाले! चार माद्या आणि एक नर. काय देखण्या आहेत गं! आल्या तेव्हा अंगावर कापसाचा ढीगच!"

बाई पलंगावर बसल्या. "मानेला घड्या आहेत?"

"आहेत की! तुला कसं कळलं?"

"तोंड उघडं टाकून धापा टाकतात?"

"दुपारच्या टाकतात खऱ्या. उकाड्यामुळे असेल ना?"

बाईंनी फोन ठेवला, पिशवीत कातर, धार लावायचा दगड आणि खुरं कापायची चिमटी भरली आणि पहिल्या बसने निघाल्या.

*

नदीच्या काठी मेहुणे होडी घेऊन उभे होते. एरवी हे गृहस्थ एका वाक्यात दोन विनोद करणारे. त्या दिवशी वल्ही मारताना नुसते पाण्याकडे बघत होते. मधेच म्हणाले, "एक गेली काल. तिला सांगू नका मी सांगितलं म्हणून. ती तुम्हाला सांगायला लाजतेय."

बहिणीचं घर बांधावर होतं. मागच्या अंगणात घोट्याएवढा चिखल आणि त्यात उभ्या तीन माद्या आणि एक एडका. लोकर पांढरी कुठली, शेवाळलेल्या गोधडीसारखी झालेली. दोघी गुडघे टेकून चरत होत्या, कारण पुढच्या पायांवर उभं राहवत नव्हतं. बाई जवळ गेल्या आणि वास आला. सडलेल्या खुराचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो जन्मात विसरत नाही. तिसरीच्या शेपटीखाली त्यांनी लोकर बाजूला केली. आत अळ्या वळवळत होत्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. "डोळे फुटले होते का तुझे?" त्या बहिणीवर कडाडल्या. "मेंढी गुडघ्यावर चालायला लागली तरी कळलं नाही? घ्यायच्या आधी मला एक फोन करता आला नाही? मी काय मेले होते?"

बहीण आधी दचकली. मग तिच्याही डोळ्यांत अंगार आला. ती घरात गेली, एक पातळ पुस्तिका घेऊन आली आणि बाईंच्या हातात आदळली.

"तुला कशाला विचारू? तूच तर सांगितलंस!"

पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मेंढ्यांच्या जातींची ओळख व संगोपन. आणि खाली पानभर रंगीत फोटो. बुडावर बसलेली बारीक लोकरीची मेंढी, हातात कातर, आणि हसणाऱ्या कातरबाई.

बाईंनी पान उलटलं. आत छापलं होतं: 'ही जात सर्व प्रकारच्या हवामानात उत्तम वाढते.' त्याखाली: 'आमच्या अनुभवी कामगारांचे मत.'

"गावातल्या सगळ्या बायकांना मी अभिमानाने दाखवलं," बहीण म्हणाली. "म्हटलं, ही माझी सख्खी ताई. हिने सांगितलंय म्हणजे डोळे मिटून घ्या. चाळीस घरांनी घेतल्या, ताई. तुझा चेहरा बघून घेतल्या."

कातरबाई ओरडल्या नाहीत. त्यांना ओळखणाऱ्या कुणी तेव्हा त्यांना पाहिलं असतं, तर तो आधी चार पावलं मागे सरकला असता. पुस्तिका घडी करून त्यांनी पिशवीत टाकली आणि मेहुण्यांना विचारलं, "तुमच्या होड्या दुरुस्त करायची शेड कोरडी आहे का?"

"फळ्यांची जमीन आहे. का?"

"मेंढ्या तिकडे न्यायच्या. आत्ता."

ओली लोकर कापता येत नाही. म्हणून आधी मेंढ्या रात्रभर फळ्यांवर वाळू दिल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई बसल्या. कोट उतरावा तशी लोकर या वेळी उतरली नाही, कुजक्या तुकड्यांत सुटली. अळ्या निवडून टर्पेंटाईनचा बोळा ठेवला. मग खुरं. सुटलेला भाग चिमटीने कापायचा, रक्त येईल इतका खोल नाही, पण हवा लागेल इतका. मग मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवून उभं करायचं. बहीण बादली घेऊन आली तेव्हा बाई पुन्हा खेकसल्या, "तिथून हलू नकोस! एक घोट प्यायली तरी मरेल. माणसाला काय नि मेंढीला काय, मोरचूद म्हणजे विष. आणि आठ दिवस चिखल बंद. चारा इथे आणून घालायचा, मिठाची वीट टांगायची, आणि एकीला एकटीला कधी बांधायचं नाही. एकटी पडलेली मेंढी अर्धी मेलेलीच समज."

बहीण हळूच म्हणाली, "हे सगळं पुस्तकात का नाही लिहिलं?"

"पुस्तक लिहिणाऱ्याने मेंढीचा पाय कधी हातात घेतला असता, तर लिहिलं असतं. उंटावरून शेळ्या हाकतात ही माणसं!"

दुपारपर्यंत बातमी पसरली. शेडबाहेर बायका जमल्या, पण मदत मागायला नाही. पुढे होती एक जाडजूड विधवा, गावातली विणकरीण. तिने आपली पुस्तिका बाईंच्या पायांशी फेकली.

"माझ्या पाचही गेल्या. यात हसताय ना तुम्ही? हसा आता."

कातरबाईंनी वर पाहिलं. माझा नाही हो दोष, मला कुणी विचारलं नाही, हे सगळं ओठांवर आलं. खरंही होतं ते. पण बैठकीतला तो चहाचा ट्रे आठवला आणि त्यांनी कातर पुन्हा दगडावर घासली.

"ज्यांच्या जिवंत आहेत, त्यांनी आणा," त्या शेवटी म्हणाल्या. "मी कापते. शिव्या कापता कापता ऐकीन."

आणि बायकांनी खरंच शिव्या दिल्या. नऊ दिवस. एकीकडे मेंढी धरायची, दुसरीकडे बाईंना बोलायचं. विणकरणीच्या घरी एकही मेंढी उरली नव्हती, तरी ती रोज यायची, आणि तिसऱ्या दिवसापासून न सांगता पाय धरायला बसू लागली. बोलणं मात्र थांबवलं नाही. "हात जड आहे तुमचा," म्हणायची. "तुमची जीभ काय कमी जड आहे?" बाई म्हणायच्या. कधी मेंढी वाचायची, कधी कापता कापताच मान टाकायची. एक एडका असाच बाईंच्या मांडीवर गेला. त्याला त्यांनी स्वतःच बांधाखाली पुरलं.

*

दहाव्या दिवशी साहेब आले. दोन गाड्या, तोच फोटोग्राफर, आणि सोबत तालुक्याची जनावरांची तरुण डॉक्टरीण. योजनेला सहा महिने झाले होते आणि 'यशोगाथा' छापायची होती. कुणीतरी त्यांना शेडकडे आणलं. कापलेल्या मेंढ्या फळ्यांवर उभ्या बघून साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय? लोकर कुणी काढली? योजनेच्या जनावरांना परवानगीशिवाय हात कसा लावलात?" मग त्यांना चेहरा ओळखू आला. "अरे, बाई तुम्ही! वा, वा. तुम्ही तर आमच्या मुखपृष्ठावर आहात."

"हो ना," कातरबाई म्हणाल्या. "म्हणूनच आले. हात पुढे करा, साहेब."

"काय?"

"हात." साहेब काही समजायच्या आत बाईंनी एका मादीचा मागचा पाय उचलला आणि खूर त्यांच्या तळहातावर ठेवला. "हे सर्व प्रकारच्या हवामानात उत्तम वाढलेलं जनावर. वास घ्या. घ्या ना! या बायका दोन महिने घेतायत."

साहेबांनी हात झटकला आणि उंची बूट फळीवरून घसरून चिखलात रुतला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंना हसू आलं नाही.

"फोटो काढ रे," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "माझा काढलास तसाच यांचा काढ. आणि खाली लिही, यांना सांगितलं होतं. भर बैठकीत सांगितलं होतं, मरतील म्हणून. यांनी मला चहा आणायला पाठवलं."

"बाई, भावनेच्या भरात बोलू नका," साहेब म्हणाले. आवाज अजून गोडच. "नव्या ठिकाणी थोडी मरतूक होतेच. शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर या बायकांनी निगा नीट राखली नाही."

हे ऐकून विणकरीण पुढे झाली. पण तिच्याआधी बोलली ती डॉक्टरीण.

"निगेचा प्रश्न नाही, सर. जात चुकली आहे. मी दोनदा लेखी कळवलं होतं."

"ते आपण कार्यालयात बोलू."

"कार्यालयात मी बोलून झाले," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्याकडे प्रती आहेत. त्या मी यांना देणार आहे."

साहेबांनी तिच्याकडे, मग बाईंकडे, मग चाळीस घरांच्या बायकांकडे पाहिलं. एक बूट हातात, एक पायात, असे ते गाडीकडे गेले.

गोष्ट इथे गोड संपायला हवी होती. तशी संपली नाही. आठवड्याने कातरबाईंच्या नावे खाकी पाकिटात नोटीस आली: योजनेतील जनावरांची विनापरवाना लोकर काढल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी त्याच कागदाच्या मागे खुलासा लिहिला. तो इथे देण्यासारखा नाही. डॉक्टरणीच्या पत्रांच्या प्रती घेऊन विणकरीण आणि आणखी सहाजणी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. रोज सकाळी जायच्या, कुलूप लागेपर्यंत उठायच्या नाहीत. तीन आठवड्यांनी हुकूम निघाला की उरलेल्या मेंढ्या परत न्याव्यात आणि बदल्यात 'स्थानिक परिस्थितीस अनुकूल' जनावरं द्यावीत. पुस्तिका मागे घेतली. साहेबांचं काय झालं? त्यांची बढती झाली. दुसऱ्या खात्यात, मोठ्या खुर्चीवर. हे कळलं तेव्हा कातरबाईंनी हातातला कप भिंतीवर फेकून फोडला आणि मग स्वतःच काचा वेचत बसल्या.

ट्रक आला त्या दिवशी त्या मुद्दाम खाली गेल्या. फळी लावली आणि सहाव्या वाडग्यातल्या मेंढ्या एकामागून एक उतरल्या. गुडघ्याएवढ्या, मळकट, काळ्या खुरांच्या. बायकांची तोंडं पडली.

"या? या मेंढ्या आहेत की मांजरं?" एकजण म्हणाली.

"आधीच्या निदान दिसायला तरी..."

"दिसायला!" कातरबाई एवढ्या जोराने ओरडल्या, की ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. "अजून दिसण्यावरच जाताय? दिसण्यापायीच मेल्या ना त्या! ही बघा." त्यांनी एका मादीला कडेवर घेतलं आणि सरळ पाण्यात सोडलं. पोटापर्यंत पाणी आलं. मेंढी एकदा ओरडली, इकडेतिकडे पाहिलं आणि लव्हाळं ओढून खाऊ लागली. "खूर सडत नाही, लोकर कापायला जवळजवळ नाहीच. दोन-तीन कोकरं देते. चार दात आलेत हिला, म्हणजे अजून बरीच वेतं देईल. नको असेल तर सांगा, मी परत नेते."

कुणी नको म्हटलं नाही.

बहिणीच्या घरी मात्र वेगळंच नाटक. तिच्या तीन माद्यांपैकी दोनच ट्रकमध्ये चढल्या होत्या. तिसरी सापडेना. बाईंनी स्वयंपाकघराचं दार ढकललं. ओट्याखाली पोतं अंथरून मेंढी बसलेली आणि तिच्यापुढे भाकरीचा तुकडा घेऊन बहीण.

"ही माझ्या हातून खाते," बहीण म्हणाली. "मी हिला रोज पुसते. पायाखाली फळी ठेवलीय. ही नाही मरणार."

"पुढच्या उकाड्यात मरेल."

"मग माझ्या हातात मरेल!"

"तुझ्या हातात मेली म्हणून तिचं मरण हलकं होणार आहे का? लाड करायची हौस आणि जिवावर बेतणार तिच्या. तुझ्यात आणि त्या साहेबात फरक काय गं?"

हे बोलणं जरा जास्तच लागलं. बहिणीने भाकरी खाली टाकली आणि बाहेर निघून गेली. बाईंनी मेंढीच्या हनुवटीखाली हात घालून तिला उठवलं, होडीत घेतलं आणि स्वतः पठारावर पोचवून आल्या. दोन महिने बहिणीचा फोन नाही. बाईंनीही केला नाही. बरोबर होतो आपण, असं त्या रोज स्वतःला बजावत आणि रोज फोनकडे बघत.

मग एका सकाळी फोन वाजला. नमस्कार-चमत्कार नाही, काही नाही. "तीन झालीत," बहीण म्हणाली. "दोन पितायत. तिसरं पीत नाहीये. नुसतं पडलंय."

"तोंडात बोट घाल. गार आहे का गरम?"

"गार."

"मग आधी दूध नको! गार कोकराला गिळता येत नाही. शेगडीजवळ घे, कोरड्या फडक्याने चोळ. जोराने चोळ, कुरवाळू नकोस!" कातरबाईंचा आवाज एवढा चढला, की खालच्या सायकलच्या दुकानातला मिस्त्री रस्त्यावर येऊन वर बघू लागला. "चोळतेयस का?"

"चोळतेय गं, ओरडू नकोस!"

"तोंड गरम झालं की आईचा चीक काढ. पहिलं दूध, पिवळं, घट्ट. चमच्याने, थोडं थोडं. उताणं धरू नकोस, फुफ्फुसात जाईल. मान सरळ. आणि फोन ठेवू नकोस!"

बहिणीने फोन ठेवला नाही. तो तिने जमिनीवर ठेवला असावा, कारण मग फक्त फडक्याचा खसखस आवाज, शेगडीवर भांडं ठेवल्याचा आवाज, आणि मधूनमधून बहिणीच्या शिव्या ऐकू येत होत्या. कोकराला, सरकारला, आणि ताईलाही. कातरबाई कान लावून बसल्या. पाऊण तासाने पलीकडून एक बारीक, चिरका आवाज आला. माणसाचा नव्हता.

"ताई," बहीण म्हणाली. "चमचा चावतंय."

"मग आईला लाव," कातरबाई म्हणाल्या. "आणि सगळ्यात आधी पाजायचं ह्यालाच. बाकीची दोन दांडगी आहेत, ती याला पुढे येऊ द्यायची नाहीत."